खिडकीकडची कूस

आनंदीच्या वॉर्डाच्या दारात मी रोज सकाळी आधी थांबायचो. आत जायची घाई असायची, पण पाय तिथेच अडायचे. आधी बघायचं, तिचं तोंड कुणीकडे आहे. खिडकीकडे असलं तर संपलं. म्हणजे आदल्या संध्याकाळी मी तिला ज्या कुशीवर ठेवून गेलो, त्याच कुशीवर ती रात्रभर पडून राहिली. दाराकडे असलं तर जीव भांड्यात पडायचा. म्हणजे रात्री कुणीतरी तिला हात लावला, कूस बदलली.

ही माझी स्वतःची युक्ती. संध्याकाळी निघताना मी तिला मुद्दाम खिडकीकडे वळवायचो, पाठीशी उशी लावायचो आणि गालाखाली माझा धुतलेला रुमाल चौघडी करून ठेवायचो, कारण ओठाच्या कोपऱ्यातून तिची लाळ गळायची. बायकांचा वॉर्ड. दिवे लागले की पुरुष नातेवाईक बाहेर. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चाळीस बाया तिथे उघड्यावाघड्या पडलेल्या असतात. पण मग रात्री माझ्या बायकोला वळवायचं कुणी, हे काही त्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

मी श्यामसुंदर. खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात उभा जन्म काढला. तयार माल तपासायचा, खोट निघाली की लाल खडूने फुली मारायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या स्वभावातला तो खडू काही झिजला नाही, असं लोक म्हणतात. आनंदी तर तोंडावर म्हणायची, "अहो, निदान आमटीवर तरी फुली मारू नका." म्हणायची म्हणजे झटका येण्याआधी. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती हो ती! दिवसभर बोलून घरी आली तरी हिची बोलायची हौस फिटायची नाही. आता नाकात नळी, तोंडाला कोरड, आणि डोळे तेवढे माझ्या मागे-मागे फिरायचे. आमची लेक परदेशात, फोनवर रडायची. तिला तरी काय म्हणणार?

हॉस्पिटल एका ट्रस्टचं, शहराच्या मध्यावर. नाव घेत नाही, घेऊन कुणाचं भलं होणार आहे? मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आजोबा, झटक्यातून त्या वाचल्यात. आता पाठ सांभाळा. दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे. पाठीला जखम झाली आणि तिच्यात पू धरला, तर मग आमच्या हातात काही राहणार नाही." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले. बदलली पाहिजे म्हणाले. कुणी बदलायची, ते नाही म्हणाले.

सिस्टर एक. रझिया. चाळीस खाटा भरलेल्या, मधल्या वाटेत जमिनीवर गाद्या वेगळ्या, आणि या सगळ्यांना मिळून ही एक पोरगी. मदतीला एक मावशी, ती बेडपॅन उचलायची आणि इतर वेळी तिला कुठे ना कुठे तपासायचे नमुने पोहोचवायला पिटाळलेलं असायचं. रझिया नाना पेठेतली. तिचे वडील अकबरभाई घड्याळं दुरुस्त करायचे, माझं लग्नातलं घड्याळ त्यांच्याच हातून दोनदा चालू झालेलं, हे नंतर बोलण्यात निघालं. पण पहिल्या दिवशी तिची माझी जुंपलीच. सलाईन संपून बाटली कोरडी पडली होती. मी ओरडलो, "अहो सिस्टर, लक्ष कुठंय?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. एका म्हातारीच्या घशातला कफ काढत होती. म्हणाली, "काका, मला दोन हात आहेत. तिसरा फुटला की पहिला तुमच्या खाटेला लावते."

मला हसू आलं. पुण्यात राहून इतका रोकडा जवाब खूप दिवसांनी ऐकायला मिळाला होता. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिनेच मला शिकवलं. पलीकडचा गुडघा दुमडायचा, खांद्याखाली हात घालायचा आणि अंगाखालची चादर ओढायची. "बाईला नका ओढू काका, चादर ओढा. कातडी सोलून निघेल नाहीतर." नळीतून पेज कशी द्यायची, डोकं किती वर हवं, सलाईनचा थेंब कसा मोजायचा, सगळं. तिथे प्रत्येक नातेवाइकाला हे असं काही ना काही शिकवलेलं होतं. कुणी ताप बघायचं, कुणी पट्टी धरायचं. अहो, अर्धं हॉस्पिटल आम्हीच चालवत होतो! फक्त आम्हाला पांढरे कपडे नव्हते आणि आमच्यातला प्रत्येक जण मनातून घाबरलेला होता.

रात्रीचा प्रश्न तुळजाबाईने सोडवला. ती वाघोलीकडची, शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सुनेजवळ राहायची. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. मी संध्याकाळी घुटमळायला लागलो की म्हणायची, "जावा वं दादा, मी हाय न्हवं. सिस्टरबाई आन मी मिळून फिरवतो तुमच्या मालकिणीला." रझिया बहुतेक दोन पाळ्या सलग करायची, कारण पुढच्या पाळीची सिस्टर यायचीच नाही. आलीच तर तिला दुसऱ्या वॉर्डात ओढून न्यायचे. रझिया एका बाजूने, तुळजाबाई दुसऱ्या बाजूने, अशा त्या दोघी रात्री सगळ्या जड बायकांना वळवत जायच्या. सकाळी मी दारात उभा राहिलो की आनंदीचं तोंड माझ्याकडे असायचं. डोळे उघडे असले तर ती डाव्या हाताची बोटं जराशी हलवायची.

मग तुळजाबाईची सून बरी होऊन घरी गेली. चांगलंच झालं, पोरीचा संसार आहे. पण जाताना तुळजाबाईने आनंदीच्या कपाळावरून हात फिरवला तेव्हा मला रात्र आठवली. रात्री चादरीचं दुसरं टोक आता कोण धरणार? बाहेरची आया ठेवायला बंदी. मी आत थांबू शकत नव्हतो. रझियाने एकटीने प्रयत्न करून बघितला, कंबर धरून बसली. सकाळी तोंड खिडकीकडे. दुसऱ्या सकाळीही खिडकीकडे. आणि मग एक दिवस कूस बदलताना कमरेच्या खाली, माकडहाडावर, लालभडक चट्टा दिसला.

"रझिया, हे काय?"

तिने वाकून पाहिलं, बोटाने दाबलं. चट्टा लालच राहिला. तिचा चेहरा उतरला. "सुरू झालं काका," ती म्हणाली. "माझं चुकलं म्हणा हवं तर. पण काल पहाटे त्या कोपऱ्यातल्या बाईचा श्वास अडकला होता. मी तिला सोडून इकडे यायला हवं होतं का, सांगा तुम्ही."

कोपऱ्यातली बाई वाचली होती. तिचा नवरा बाहेर पायरीवर चहा पीत बसला होता, मी येताना पाहिला होता. आठवड्याभरात चट्ट्याची कातडी गेली आणि जखम उघडी पडली.

मेट्रन सुहासिनीबाईंकडे गेलो. बाई वाईट नव्हत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मंजूर जागा भरा म्हणून मी दर वर्षी वर सांगते. दर वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणतात. सिस्टर येतात, शिकतात आणि परदेशात जातात. त्यांना तरी का अडवू मी?" मी म्हटलं, "मग माझ्या बायकोने पाठ कुठे टेकायची? पुढच्या वर्षावर?" त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मीच उठलो शेवटी.

आणि मग एका सोमवारी दारात पोहोचलो, तर मला वाटलं मजला चुकलो.

जमिनीवरच्या गाद्या गायब. खिडक्यांना पडदे. आणि सिस्टर! इकडे सिस्टर, तिकडे सिस्टर, जिकडे बघावं तिकडे सिस्टर. दोन-तीन खाटांना एक. कुणी पट्टी बदलतेय, कुणी केस विंचरतेय. आनंदीचं तोंड दाराकडे होतं, तिला उशा लावून अर्धवट बसवलं होतं, आणि एक सोलापूरकडची मुलगी तिची वेणी घालत होती. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

"तपासणी आहे," रझिया माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "वरून मान्यतेची समिती यायचीय. या वरच्या मजल्यावरच्या पैसेवाल्या खोल्यांतल्या, त्या ट्रस्टच्या दुसऱ्या हॉस्पिटलातल्या, आणि त्या नर्सिंग कॉलेजच्या मुली. सगळा उसना माल आहे काका. डोळे भरून बघून घ्या."

उसना तर उसना! अहो, काय दिवस होते ते. आनंदीला दर दोन तासांनी वळवत होते, अगदी ठरल्यासारखं. तोंड आतून पुसत होते, उजवा हात-पाय हलवून घेत होते. जखम सकाळ-संध्याकाळ धुतली जात होती, तिच्या कडा सुकायला लागल्या. डॉक्टरांनी नळी ठेवूनच चमच्याने घोट-घोट द्यायला सांगितलं, आणि त्या सोलापूरच्या मुलीजवळ एक-एक चमचा भरवत बसायला वेळ होता. एवढंच हो. फक्त वेळ होता. औषध तेच, डॉक्टर तेच, खाट तीच.

बुधवारी दुपारी मी चमच्याने पेज देत होतो. गरम असावी. आनंदीने तोंड वाकडं केलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि म्हणाली, "अहो!"

मी चमचा टाकला आणि जिन्यात जाऊन रडलो. लाज कसली त्यात? आयुष्यभर त्या "अहो"ला मी वैतागत आलो होतो.

परत आलो तर ती मुलगी आनंदीची कूस बदलत होती. मी म्हटलं, "पोरी, तुझे पाय धुऊन पाणी प्यायलो तरी उपकार फिटायचे नाहीत." ती लाजली. म्हणाली, "आजोबा, आम्ही उद्यापर्यंतच आहोत हो. समिती गेली की आमची गाडी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे बायको माझी उद्यापर्यंतच बरी होणार? मी ठरवलं, समितीला सांगायचं. सगळं दाखवायचं. ही माणसं इथे कायम ठेवा म्हणायचं. रझियाने मला व्हरांड्यात गाठलं. "काका, गप्प बसा. तुमच्या पाया पडते. बोललात तर वरच्यांचं काही जाणार नाही, कुणातरी खालच्याच्या डोक्यावर येईल."

"अगं, समितीचा माणूस म्हणजे तपासनीस," मी म्हणालो. "खोट शोधणं हेच त्याचं काम. मी जन्मभर तेच केलं. आमच्याकडे एक नग बाद निघाला, तर कामगाराला धरायच्या आधी आम्ही यंत्र बघायचो, त्याच्यावर किती भार टाकलाय ते बघायचो. त्याला नुसती जखम दिसू दे, पुढचं तो बरोबर शोधेल."

"तुमचा कारखाना चांगला होता काका," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी समिती आली. तिच्यातले डॉक्टर सभ्य होते, पिकल्या केसांचे. आनंदीच्या खाटेशी थांबून त्यांनी मला विचारलं, "कशी आहे इथली सेवा?" मेट्रनबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. मी सांगितलं. एक सिस्टर, चाळीस खाटा, या सगळ्या मुली आजच्या पाहुण्या. आणि पुरावा म्हणून आनंदीला कुशीवर घेतलं, पट्टी उचलली आणि जखम दाखवली.

त्यांचा चेहरा कठोर झाला. मला वाटलं, चला, लागला खडू बरोबर जागी. त्यांनी मेट्रनना विचारलं, "ही जखम झाली तेव्हा ड्युटीवर कोण होतं?"

"अहो साहेब, कोण होतं ते नका विचारू," मी म्हटलं, "किती जणी होत्या ते विचारा!"

त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. "स्टाफ तर भरपूर दिसतोय, आजोबा."

"हा उसना आहे हो! उद्या गाडीत बसून जाणार आहे सगळा!"

"आजोबा थकलेत," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ड्युटीवर रझिया सिस्टर होत्या, सर."

दुसऱ्या दिवशी पाहुण्या मुली गेल्या, पडदे गेले, जमिनीवरच्या गाद्या परत आल्या. हॉस्पिटलची मान्यता कायम राहिली. समितीला खोट सापडली होती ना, एका कर्मचाऱ्याची हलगर्जी. रझियाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. रुग्णाच्या नातेवाइकाने स्वतः जखम दाखवल्यावर आणखी काय पुरावा हवा? मी मेट्रनच्या खोलीबाहेर आरडाओरडा केला, व्यवस्थापकांना भेटलो, माझं म्हणणं ते नव्हतंच म्हणून घसा फोडला. त्यांनी गोड हसून माझे आभार मानले. म्हणाले, तुमच्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच सुधारणा होतात.

सुधारणा काय झाली सांगू? एक पाटी लागली. पुण्यात दुसरं काय लागणार! आनंदीच्या खाटेच्या वरच, खिडकीशेजारच्या भिंतीवर, निळ्या अक्षरांत. 'दर दोन तासांनी कूस बदलून मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.' आणि नियम काटेकोर पाळायची ताकीद आली म्हणून मला संध्याकाळी आणखी लवकर बाहेर काढायला लागले.

रझिया आली, एवढं होऊनही आली. साध्या सलवार-कमीजमध्ये, भेटीच्या वेळेत, हातात दोन मोसंबी घेऊन, पाहुण्यासारखी. दारावरच्या पहारेकऱ्याने, हिंदुरावांनी, तिला ओळखलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मी तिच्यासमोर हात जोडायला लागलो, तर म्हणाली, "ते नंतर. आधी चादर धरा." आम्ही दोघांनी आनंदीला वळवलं, तिने जखम धुतली. जखम आता खोल गेली होती, वास येत होता. आनंदीला ताप होता. त्या "अहो"नंतर ती पुन्हा काही बोलली नव्हती, पण रझियाचा हात तिने डाव्या हातात धरून ठेवला.

चार-पाचदा आली असेल. मग मेट्रनबाईंनी तिला खाटेशी पाहिलं. ओरडल्या नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "रझिया, मला अडचणीत आणू नकोस गं. तुला आवारात यायला बंदी आहे." रझियाने मोसंबी टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

नवी सिस्टर दोन वॉर्ड मिळून एक होती. लहान पोर, पळून पळून तोंडाला फेस यायचा. मी संध्याकाळी तिला विनवलं, "बाळ, रात्री एकदा तरी हिला वळव." ती बिचारी खरं बोलली. "आजोबा, तुमच्या खाटेला हात लावायचीच भीती वाटते. काही झालं तर माझंच नाव येईल." भीती तिला मीच घातली होती. घरी न्यायचं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, तापाचं औषध शिरेतून चालू आहे, वाटेत काही झालं तर? मग मी रोजच्यासारखं आनंदीला खिडकीकडे वळवलं, पाठीला उशी दिली, रुमाल चौघडी करून गालाखाली ठेवला. तिचं अंग भाजत होतं. "सकाळी येतोच," म्हटलं. तिने डोळे मिटले.

सकाळी दारात थांबलो. तोंड खिडकीकडे.

मी आत गेलो. उशी तशीच होती. रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती. गाल गार पडला होता, आणि उघडे डोळे भिंतीकडे होते, त्या निळ्या अक्षरांकडे. नवी सिस्टर पलीकडच्या वॉर्डातून धावत आली. "आजोबा, मी पहाटे डोकावले होते हो, आजी झोपल्यात असं वाटलं, म्हणून उठवलं नाही." आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. तुझं नाव मी नाही घेणार. कुणाचंच घेणार नाही आता."

मग म्हटलं, "ये, चादरीचं ते टोक धर." मी आनंदीचा गुडघा दुमडला, खांद्याखाली हात घातला. तिला ओढलं नाही, चादर ओढली. आणि तिचं तोंड दाराकडे केलं.